करमाळ्याचं टेबल, डोंबिवलीचे कॅमेरे

प्रिय वसंता,

मी करमाळा सोडलं त्या सकाळी मला सोडायला स्टँडवर आई एकटीच आली होती. तू दुकान उघडायला गेला होतास आणि अण्णा घरातच पाठ करून बसले होते. गाडी लागल्यावर आईनं खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "पोटाला चिमटा घे कुसुम, पण मान खाली घालून परत येऊ नकोस." ती रडली नाही. गाडी हलल्यावर तिनं पदर कमरेला खोचला आणि घराकडे चालायला लागली. वळण येईपर्यंत मला तिची पाठ दिसत होती.

ती त्र्याऐंशी सालची गोष्ट. आज हे आठवायचं कारण तुझं पत्र. तू लिहितोस, "ताई, आता अण्णाही गेले. तिकडे एकटी काय करतेस? वरची खोली तुझीच आहे, घरी ये. आता बटण दाबलं की फोटो निघणारे कॅमेरे आलेत, तुझ्याकडे ते जुने डबे दुरुस्तीला कोण आणणार?" उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण ती ओळ वाचून तू दुखावला असतास. म्हणून सविस्तर लिहिते. मी घर का सोडलं, हे आपण दोघं आजवर कधी बोललोच नाही.

वेशीजवळच्या आपल्या घड्याळाच्या दुकानात अण्णांचं टेबल होतं. त्या टेबलाशी मी सातव्या वर्षापासून उभी असायची. चिमटा दे, ब्रश दे, असं करता करता मी घड्याळ उघडायला लागले. सोळाव्या वर्षी मी गजराचं घड्याळ पूर्ण सोडवून पुन्हा जोडत होते. तुझा हात जड होता, हे तुलाही माहीत होतं. स्क्रू फिरला नाही की तू चिडायचास आणि अण्णा म्हणायचे, "जोर लावू नकोस रे, त्याला काय झालंय ते विचार." पण तू बारावी झाल्यावर त्यांनी टेबल तुला दिलं. मी विचारलं, मी का नको? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुकानात मुलगी बसलेली गिऱ्हाइकाला चालत नाही." बस, एवढंच. पंधरा दिवसांत मी डोंबिवलीच्या मामांना पत्र टाकलं.

मामा रामनगरला दोन खोल्यांत राहायचे. त्यांनी मला मानपाड्याच्या एका कंपनीत चिकटवलं. तिथे विजेचे मीटर जुळवायचं काम होतं. आम्ही तीस-चाळीस बायका ओळीनं बसायचो, समोर चिमटे आणि बारीक चाकं. पहिल्या आठवड्यात सुपरवायझरनी विचारलं, "आधी कुठे काम केलंय?" मी सांगितलं, वडिलांच्या दुकानात. मी दुकानात काम केलंय, हे करमाळ्यात कधी तोंडातून निघालं नव्हतं, इथे सहज निघालं.

आमचे फोरमन होते सावंत. मूळचे मालवणचे, बोलायला तिखट. त्यांचा एक जुना जर्मन कॅमेरा होता, उघडला की पुढे भाता येणारा. लोहाराचा असतो तसा भाता, फक्त काळ्या चामड्याचा आणि तळहाताएवढा. त्याचं शटर अडकलेलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घड्याळजीची पोर ना तू? बघ काय होतं का."

रविवारी मी मामींच्या पितळी ताटात पांढरं फडकं अंथरलं आणि तो उघडला. वसंता, आत घड्याळ होतं! खरंच सांगते. कमान, दात्यांची चाकं, आणि एक सेकंद मोजायला अगदी गजराच्या घड्याळासारखी इकडून तिकडे हलणारी पट्टी. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसायला लागले. मामींनी येऊन बघितलं, पोरीला वेड तर नाही ना लागलं. जुनं तेल गोठून शटरच्या पात्या चिकटल्या होत्या. मी पांढऱ्या पेट्रोलनं सगळं धुतलं, नवं तेल घातलं, आणि सोमवारी ऐटीत कॅमेरा परत दिला.

तीन दिवसांत तो पुन्हा अडकला. सावंतांनी सगळ्या बायकांसमोर तो टेबलावर ठेवला. "घड्याळ वेगळं आणि कॅमेरा वेगळा, बाय माझे." सगळ्या हसल्या. चूक माझीच होती. घड्याळाला तेल लागतं. शटरच्या पात्यांना तेलाचा थेंबही चालत नाही, त्या कोरड्याठाक लागतात. हे मला सांगणारं कोणी नव्हतं. मी कॅमेरा मागून घेतला आणि चार रविवार त्याच्याशी झुंजले. चौथ्या सोमवारी परत दिला. पुढे सावंत रिटायर होईपर्यंत तो चालला.

त्यानंतर मला नादच लागला. कंपनी सुटली की कल्याणला भंगारवाल्यांकडे जायचे. लोक माळे साफ करताना कॅमेरे काढून टाकत. पेटीसारखे, दोन भिंगांचे, एक रशियन तर विटेएवढा जड. सुट्या भागांसाठी म्हणून घ्यायचे आणि तोडायचा धीर व्हायचा नाही. मामींनी लग्नाचं दोनदा काढलं, मी दोनदा टाळलं, मग त्यांनी विषय सोडला. कंपनीला टाळं लागलं तेव्हा बरोबरच्या बायकांनी पापड लाटायला घेतले, कुणी शिवण. मी मानपाडा रोडला एक खोली भाड्यानं घेतली आणि खिडकीपाशी टेबल लावलं.

ते दिवस सोपे नव्हते. कल्याणच्या एका स्टुडिओत काम मागायला गेले तर मालकांनी माझ्या मागे बघितलं, बरोबर कोण पुरुष आलाय म्हणून. कोणी नाही हे कळल्यावर म्हणाले, "बाई, हे काही मिक्सर दुरुस्त करण्याइतकं सोपं नाही." मी म्हटलं, तुमच्याकडे जो कुणालाच जमला नाही तो कॅमेरा द्या. त्यांनी कपाटातून एक काढून दिला, मला कटवायला असेल. आठ दिवसांनी मी तो चालू करून आणला. मालकांनी शटर चार वेळा दाबून बघितलं, आत गेले आणि आणखी दोन घेऊन आले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितेय ती सांगते. आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी तू अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे सोडून गेलास, आठवतं? तुला दुकान बंद ठेवता येत नव्हतं, तू त्याच दिवशी परत फिरलास. पुढचं तुला ठाऊक नाही. अण्णांनीही सांगितलं नसणार.

अण्णा यायच्या आठवडाभर आधी ठाण्याच्या कोलशेतहून एक कोळीण माझ्याकडे आलेली. हिराबाई. नाकात नथ, हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला भात्याचा कॅमेरा. जिना चढून दम लागलेला, तरी उभ्यानंच बोलायला लागली.

"बाय, यो माजे नवऱ्याचा हाय. तो गेला त्याला नव वर्सं झाली. समदे बोलतान, फेकून दे. मी कशाला फेकू? माजे पोरीची हलद हाय पंदरा दिसांनी. तिचा फोटू याच कॅमेऱ्यानी काडाचा. व्हइल का नाय, खरा सांग."

मी उघडून बघितलं. खाडीच्या हवेनं आतलं सगळं गंजलं होतं. भात्याला भोकं, भिंगावर बुरशी. मी खरं तेच सांगितलं, "मावशी, शब्द देत नाही. पण सोडणारही नाही."

"मंग झाला," ती म्हणाली आणि खाली बसून पाणी प्यायली.

भाता मी काळ्या कापडाच्या ठिगळांनी बुजवला. भिंग साफ झालं. शटर किती वेळ उघडं राहील ते ठरवणारे सगळे वेग चालू झाले, फक्त एक सेकंदाचा बसेना. हळद मांडवाखाली, सावलीत. त्या जुन्या भिंगाला तिथे सावकाश वेगच लागणार होता. मी ते शटर तीनदा सोडवलं, तीनदा जोडलं. शेवटाला कुठेतरी अडायचं आणि कुठे ते दिसायचं नाही.

अण्णांचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं त्यांना तसंही अंधुकच दिसायचं. मी कामाला बसले की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. दहा वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की मी काय करते, कशी करते. त्या सकाळी मी पुन्हा पुन्हा शटर दाबत होते, तर मागून आवाज आला, "शेवटी अडखळतंय ते."

मी वळून बघितलं. ते उठून बसले होते.

"परत कर."

मी केलं. ते चाचपडत आले, माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि आपण घड्याळ धरतो तसा कानाशी धरला. "पुन्हा. अजून एकदा." मग म्हणाले, "चाकं चांगली आहेत. शेवटच्या चाकाचं टोक बघ, जिथे ते भोकात बसतं. तिथे गंज असणार, केसाएवढा."

"अण्णा, मी बघितलंय तिथे. मला काही दिसत नाही."

"मला तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "ऐक नीट."

मी ऐकलं. खरंच, सगळी घरघर सरळ होती आणि अगदी शेवटी एक बारीकशी उचकी. मी चौथ्यांदा सोडवलं. काडीला टोक काढून त्या चाकाचं सुईसारखं टोक घासलं, भोक साफ केलं. अण्णा शेजारी खुर्चीवर बसून होते, चिमटा कुठे आहे ते बोटांनी चाचपून माझ्या हातात देत होते. जेवणाची वेळ टळून गेली. मग मी शटर दाबलं. एक अख्खा सेकंद, सरळ, एका दमात. अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता वाढ काहीतरी. भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली. कॅमेरा हातात घेतला, शटर दाबून बघितलं आणि खुर्चीतल्या अण्णांकडे बघून तिनं हात जोडले. तिला वाटलं, दुरुस्त करणारे तेच.

"बाबा, तुमी दुरुस केला? लय उपकार झालं."

अण्णा सावरून बसले. "मी नाही बाई. मालकीण ही. टेबल हिचं आहे. मी आपला ऐकायला बसलो होतो."

वसंता, मी तेव्हा स्टोव्हवर चहा ठेवला होता. तो उतू गेला तरी मला कळलं नाही.

हिराबाईनं मग नवीनच काढलं. "बाय, दुरुस केला तो खरा, पन आमच्यात कुनाला येतंय वापरायला? तूच चल." मी इतकी वर्षं कॅमेरे दुरुस्त केले, पण कुणाच्या लग्नकार्यात फोटो कधी काढला नव्हता. नाही म्हणणार होते. अण्णा मागून म्हणाले, "जा. घड्याळ लावून देणाऱ्याला वेळही सांगता यायला हवी."

कोलशेतला गेलेले. अंगणात मांडव, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, मागे खाडीचा वास. रोलमध्ये बारा फोटो. एक चुकला की गेला. परत बघायची सोय नाही, परत काढायची सोय नाही. मी स्टुलावर कॅमेरा टेकवला, श्वास धरला आणि नवरीला सांगितलं, मंदा, हलू नकोस. ती हलली नाही. बाकी सगळं गाव हललं.

रोल मी कल्याणच्या त्याच स्टुडिओत धुवायला दिला. बारातले नऊ आले. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणी काढलेत?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "कडक आलेत." आणि कधी नव्हे ते त्यांनी मला खुर्ची दिली.

हिराबाईला फोटो द्यायला गेले तेव्हा ती एका फोटोवर थांबली. त्यात ती स्वतः होती, गालांना हळद, तोंड उघडं, मुलीकडे बघताना. बराच वेळ बघून म्हणाली, "मी हसत व्हते? मना वाटला मी रडत व्हते."

अण्णा महिनाभर राहिले. पट्टी निघाल्यावर त्यांनी फळीवरचे माझे सगळे कॅमेरे एकेक करून उतरवले, कानाशी धरले आणि कुठला धावतो, कुठला दमलाय ते सांगितलं. मी घर सोडताना जे बोलायला हवं होतं ते त्यांनी तेव्हाही बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात तशी पद्धत नव्हती. पण तुझ्याबरोबर परत निघताना त्यांनी जोड्यात पाय घालता घालता म्हटलं होतं, "वसंता, हिचं बरं चाललंय." तू समजलास, पैशाबद्दल बोलतायत. ते पैशाबद्दल नव्हतं.

तर तुझ्या पत्राचं उत्तर. बटणाचे कॅमेरे आलेत, खरं आहे. स्टुडिओवाल्यांची कामं कमी झालीत. पण ज्यांचा कॅमेरा वडिलांचा आहे, नवऱ्याचा आहे, ते येतातच, आणि नवीन मिळतो म्हणून ते जुना टाकत नाहीत. गेल्या वर्षी कॉलेजातल्या तीन मुली आल्या, आम्हाला शिकवा म्हणाल्या. रविवारी येतात. त्यांना मी पहिल्यांदा काय सांगते, ते तुला सांगायची गरज नाही; अण्णा टेबलाशी तुला सांगायचे तेच.

मी करमाळ्याला येईन. दिवाळीला येईन, तुझ्या मुलीच्या बारशाला आले तशी तिच्या लग्नालाही येईन. पण राहायला येणार नाही. वरची खोली तिला दे अभ्यासाला. माझ्या बोलण्यावर तू हसतोस, "गेलेले, आलेले" काय म्हणतेस म्हणून. हस. इतकी वर्षं इथल्या पाण्यावर काढली, जीभ तेवढी बदलणारच. करमाळा माझं गाव आहे, ते कुठे जात नाही. पण तिथे मी अजून कुणाची तरी मुलगी आणि कुणाची तरी बहीण म्हणून ओळखली जाते. इथे जिन्यावरून नवीन पावलं वाजली की मी समजते, माझ्याकडेच कोणीतरी आलंय.

तूच ये. मुलांना सुट्टी लागली की सगळे या. डोंबिवलीला पूर्वेला उतर आणि मानपाडा रोडला लाग. पत्ता लिहून देत नाही, गरज नाही. कुणालाही विचार, कॅमेऱ्याच्या बाई कुठे राहतात. बोट दाखवतील.

तुझी,
कुसुमताई