लाटण्याचं पेन

चिकटलेली वस्तू सोडवण्यात माझ्या बायकोच्या मामांची बरोबरी करणारा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. कारण उघड आहे: वस्तू भलत्या जागी चिकटवण्यातही त्यांना तोड नाही. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, गुडघे बदलून घेतात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. मामांनी मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक छोटं लेथ बसवलं आणि लाकडाची पेनं करायला घेतली. सेक्रेटरीशी भांडण वेगळं चालूच आहे.

पेनाची रीत ऐकायला सोपी आहे. लाकडाच्या ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं, गोंद लावलेली पितळी नळी त्यात सरकवायची, गोंद वाळला की ठोकळा लेथवर फिरवून कोरायचा. सगळी गोम त्या सरकवण्यात आहे. झटपट गोंद पापणी लवायच्या आत धरतो आणि मामांना चष्मा सारखा करावासा वाटतो तो नेमका नळी अर्ध्यात असताना. मग अर्धी नळी आत, अर्धी बाहेर. मामा तो ठोकळा उजेडात धरतात, मान तिरकी करतात आणि जाहीर करतात, "डिझाइन आहे."

मामांच्या हातून चूक होत नाही, डिझाइन होतं. एकदा नळी थेट अंगठ्यालाच चिकटली. ती तशीच मिरवत ते सोसायटीच्या मीटिंगला गेले आणि पार्किंगच्या ठरावाविरुद्ध नेमका तोच हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "अंकलजी, ये हाथ में क्या है?" मामा म्हणाले, "सैंपल. आप आगे बढ़िए." ठराव पडला. त्याचं श्रेय मामा आजही नळीला देतात. गोंद नळीच्या आत गेला तर रिफिल शिरत नाही, म्हणून नळीचं तोंड आधी कच्च्या बटाट्यात दाबायचं, म्हणजे बटाट्याचं बूच बसतं. उपाय चांगला आहे. मात्र बटाट्याची चकती कापण्याइतका धीर मामांना नाही. ते अख्ख्या बटाट्यात नळी खुपसतात आणि बटाटा परत टोपलीत टाकतात. "अहो, भाजीत बटाटा कमी आणि भोकं जास्त झालीत," असं मामींनी पाहुण्यांसमोर सांगितलं, तेव्हा मामा पोळी मोडत म्हणाले, "मसाला आतपर्यंत जातो. बिल्कुल मुद्दाम आहे."

ती पोळी मामींच्या हातची होती. पुढे मामींची बोटं संधिवातानं वाकडी झाली, लाटणं धरवेना, आणि पोळ्या करायला बाई आली. ती स्वतःचं बेलन घेऊन येते. मामींनी लग्नानंतर माहेरहून आणलेलं शिसवी लाटणं ओट्यामागे नुसतं उभं राहिलं. एका रविवारी मी तिथे असताना त्यांनी ते मामांच्या हातात दिलं. "याचं पेन करा. पण एकच आहे. हे जर डिझाइन झालं, तर याद राखा."

मामांनी शब्द दिला, की या वेळी झटपट गोंद नाही. दोन ट्यूबमधला मिसळून लावायचा तो सावकाश वाळणारा गोंद. पण जानेवारीतल्या दिल्लीत बाल्कनीत माणूस गोठतो, गोंद काय वाळणार? नमुन्याच्या ठोकळ्यातली नळी दुसऱ्या दिवशीही सरकत होती. पुढच्या रविवारी मामांचा संयम संपला. त्यांनी झटपट गोंद लावला, नळी लाटण्यातून कापलेल्या ठोकळ्यात घातली, आणि ती अर्ध्यात बसली. चष्मा जागेवर होता. तरी बसली.

"झालं का हो?" आतून मामींनी विचारलं.

मामांनी ठोकळा उजेडात धरला, मान तिरकी केली. मी 'डिझाइन' या शब्दाची वाट पाहत होतो. तो आला नाही. "जावईबापू, पक्कड," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनी सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक नळीत धरलं. पितळ तापलं, गोंद सैल झाला, मी पकडीनं ओढलं. नळी अख्खी बाहेर आली आणि लाकूड या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलं. मामा स्टुलावर बसले. मग लाटण्याची जी मूठ कापून बाजूला ठेवली होती ती त्यांनी उचलली, कानशीनं घासून तिचा भुसा केला, तो चिरेत भरला, वर पातळ गोंद सोडला, आणि दोन दिवस त्या ठोकळ्याला हात लावला नाही. मामांच्या बाबतीत हा विक्रम आहे.

पेन झालं. मामींच्या बोटांत मावेल असं मुद्दाम जाड. मामींच्या कपड्यांना खिसा नसतो म्हणून क्लिपही लावली नाही. पेनाच्या अंगावर मात्र एक काळी रेघ राहिली. मामींनी ती नखानं चाचपली. "ही रेघ कसली?"

"चूक आहे," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. "असू दे. इथे सरळ आता कोण आहे?"

आता त्या मांडीवर पोळपाट घेतात, त्यावर कागद ठेवून भाजीची यादी लिहितात. यादीत मामांच्या नळ्यांचे बटाटे वेगळे लिहिलेले असतात. परवा लिहिता लिहिता त्या थांबल्या. "अक्षर बघा कसं झालंय. उतरणीला लागल्यासारखं."

मामांनी लेथवरून मान न वळवता सांगितलं, "डिझाइन आहे."

मामींनी कागद बाजूला केला. पेन पोळपाटावर आडवं ठेवलं आणि त्यावर तळहात ठेवून ते एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं.