“त्या बाईंना बरं वाटत नाहीये का?” माझ्या मागे कुणीतरी इंग्रजीत हळूच विचारलं. आयर्लंडमधलं ओलं माळरान होतं. समोर उभ्या दगडांवर तोललेली एक प्रचंड शिळा, हजारो वर्षांपूर्वीचं थडगं. आणि माझ्या पदवीदानासाठी आमच्या गावाहून, निघोज्याहून आलेली आत्या साडी वर खोचून बूट-मोजे काढत होती.

“आत्या, इथं कुणी काढत नाही,” मी पुटपुटले.

“तुमी नगा काढू. कुणाचा तरी मानूस निजलाय हितं. बूट घालून जायचं व्हय?”

गाइडने मला कारण विचारलं. चार लोकांत बोलायचं मी टाळते, पण सांगितलं. त्याने आत्याला हात दिला आणि दगडापर्यंत नेलं. पदवीचे फोटो कुठे आहेत, आठवत नाही. गारठलेल्या गवतातल्या तिच्या पायांचा फोटो अजून माझ्या फोनवर आहे.

जुना दगड दिसला की लोक विचारतात, किती वर्षांचा. आत्या विचारायची, “कुणाचा?” गाइड म्हणाला, नाव कुणालाच माहीत नाही. “नाव न्हाई ऱ्हायलं, पर मानूस तर व्हता ना?” मग शिळेखाली डोकावून म्हणाली, “आपल्याकडं असता तर शेंदूर फासून पावतीपुस्तक निघालं असतं.”

ही तिची जुनीच खोड. आमच्या देवळामागे एक वीरगळ होता, लढताना पडलेल्या वीराचा कोरीव दगड: वर चंद्र-सूर्य, खाली लढणारा माणूस, त्याच्या मागे गाई. आत्या रोज सकाळी त्याला पाणी घालायची. पहिल्या शिफ्टला निघालेला संतोषदादा, माझा चुलतभाऊ, गाडी थांबवून चिडवायचा, “आत्याबाई, कोण लागतो हा तुमचा?”

“गावाचा मानूस हाय त्यो. त्यानं गावाच्या गाई राखल्या. तुला बापाची जमीन राखता आली न्हाई.”

दादा हसत गाडी सुरू करायचा. त्या जमिनीवर आता तो कामाला जातो तीच कंपनी उभी आहे.

मागच्या वर्षी आत्या गेली. यंदा देवळाचं नवं बांधकाम निघालं. एका सकाळी तळवड्याला ऑफिसला निघाले, तर वीरगळ उपटून देवळाच्या दारात आडवा टाकलेला. कोरलेली बाजू खाली, सपाट पाठ वर. पायरी करायची होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. गावोगावी असंच होतं. सिमेंट कालवून तयार होतं. भावकीतले सगळे पुरुष उभे होते, आणि डुगडुगतो का ते बघायला दादा बूट घालून दगडावर चढला होता.

“बसला राव, फिट्ट.”

मी सँडल काढले. खडी टोचली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि शाळेत जी बोली कधी ओठांवर येऊ दिली नव्हती, तीच आली.

“दादा, उतर खाली. गावाचा मानूस हाय त्यो.”