मोठ्या रोगाचे धनी

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात स्वतःच्या रोगाचा इतका तोरा मिरवणारा माणूस आमच्या साडूंच्या आधी झाला नाही, आणि पुढे होईल असं मला तरी वाटत नाही. त्यांना रक्ताचा कॅन्सर होता. सावकाश चालणारा, वर्षानुवर्षं घरजावयासारखा पडून राहिलेला. दारव्ह्याच्या बाजारात ते आधी रोग सांगत, मग नाव. शुगरवाल्यांना तर ते खिजगणतीतही धरत नसत. आर्णीच्या एका लग्नात कोणी आपल्या बायपासची कथा लावली. साडूंनी त्याला जिलबी संपेपर्यंत बोलू दिलं आणि मग म्हणाले, "झालं? आता मोठ्या दुखन्याचं आयका." तो बिचारा मठ्ठा न पिताच उठला. कापसाचं कसं काय, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "वावरात पांढरं कमी, पन रक्तात औंदा पांढऱ्या पेशी लय पिकल्या बाप्पा!"

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या कानामागे तुरीच्या दाण्याएवढी जांभळट गाठ आली. दुखेना, खुपेना, महिन्याभरात बोराएवढी झाली. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, रोज म्हणे, डॉक्टरले दाखवा. नागपूरच्या तपासणीला मीच सोबत होतो. दवाखान्याच्या दारात साडूंनी दुपट्टा कानावर ओढून घेतला.

"दाखवत काहून नाही?" मी विचारलं.

"एवढ्या मोठ्या डॉक्टरले फोड दाखवू? तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन कलेक्टरकडं जाते का कोनी?"

मी इतका हसलो की कंपाउंडर बाहेर आला. आत रक्ताचा रिपोर्ट चांगला निघाला. गाठीबद्दल साडू बोलले नाहीत, मीही नाही. उलट गावात येऊन तो कलेक्टरचा किस्सा मी तिखटमीठ लावून चार चौकांत सांगितला.

तीन महिन्यांनी गाठ दुपट्ट्यात मावेना, तेव्हा डॉक्टरांनीच तो सोडायला लावला. "काका, जुन्या रोगानं अंगाची राखण ढिली केली, त्यात हा कातडीचा वेगळाच कॅन्सर शिरला. फार दुर्मीळ. आधी दाखवली असती तर कापून काढता आली असती."

साडूंनी त्यातलं फक्त 'दुर्मीळ' ऐकलं. "किती लोकायले असन?"

"मी पाहिलेले तुम्ही दुसरे."

परतीच्या एसटीत ते पुटपुटले, "दुसरा... पयला कोन होता, विचाराले पाह्यजे होतं."

सोयाबीन निघायच्या आत ते गेले. रक्ताचा रोग शेवटपर्यंत शहाण्यासारखा पडून होता. ज्याला त्यांनी कधी दारातही उभं केलं नव्हतं, त्या फोडानं त्यांना नेलं.

ताई अजून चहा देताना विचारतात, "भाऊजी, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला त्या दिशी नागपूरवून आले तं लय खुशीत होते. काय बोलले होते हो?"

जिल्हाभर किस्से वाटत फिरणारा मी, कपात बघत म्हणतो, "काही नाही ताई, असंच."