ठकूबाई तिठ्यावर का थांबायची

पोलादपुरातून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी घाट लागायच्या अलीकडे आमचा तिठा येतो. डोंगरातल्या वाड्यांचा रस्ता उतरत उतरत तिथं मोठ्या रस्त्याला मिळतो. दोन हॉटेलं, एक सलून, एसटीची शेड आणि माझं हार्डवेअरचं दुकान, एवढाच पसारा. गल्ल्यावर बसून मला सगळा तिठा दिसतो आणि जे दिसतं त्यातल्या बहुतेक गोष्टींचा मला रागच येतो.

त्यातला फ्लेक्सचा राग सगळ्यात जुना. पूर्वी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीला, माझ्याकडे ताडपत्री घ्यायला रांग लागायची. लाकडं झाकायची असतात, गोठ्याला आडोसा करायचा असतो, पेंढा कोरडा ठेवायचा असतो. आता ताडपत्री कोण घेतो? कुणा दादांचा वाढदिवस झाला, की ज्याच्या हाताला कोयती पहिली लागेल तो फ्लेक्स उतरवून घरी नेतो. चार दिवसांपूर्वी तिठ्यावर हात जोडून उभे असलेले दादा कुणाच्या तरी गोठ्यावर उताणे पडलेले असतात. ही आमच्याकडची रीतच झाली आहे आणि तिच्यावरून कुणी भांडत नाही.

फक्त एका फ्लेक्सला कुणी हात लावला नव्हता. तो ठकूबाईच्या लेकाचा, हृतिकचा.

ठकूबाई वरच्या वाडीतली. माहेर सावित्रीच्या काठी, तुडीलला. लग्न होऊन आली तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. नवरा मुरारी मुंबईत एका सोसायटीत वॉचमन होता. हृतिक शाळेत जाऊ लागला आणि मुरारी तिकडेच आजारी पडून गेला. भाऊ तिला न्यायला आले होते, पण ती गेली नाही. म्हैस घेतली, मग दुसरी घेतली, आणि तेव्हापासून रोज सकाळी एक किटली डोक्यावर, एक हातात अशी ती तिठ्यावरच्या हॉटेलांना दूध घालते. तोंडाची फटकळ. हॉटेलवाल्या सदूनं एकदा चारचौघांत तिला विचारलं, "ठकूबाय, पानी घालतेस का गो दुधात?" ती म्हणाली, "घालते ना. म्हशीला पाजते, ती आतून घालते." सदू पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

हृतिक बारावी झाला आणि मुंबईला कुरियरच्या कामाला लागला. पोरगा गुणी. शिमग्याला आला की वाडीच्या टीमकडून बॉलिंग टाकायचा आणि आईच्या किटल्या बाईकला अडकवून खाली आणायचा. तेवढे दिवस ठकूबाई मोकळ्या हातांनी त्याच्यामागून चालत यायची, आणि तिची चाल बघून कळायचं की पोरगा आलाय. गेल्याच्या गेल्या साली गणपती झाले आणि त्याला कावीळ झाली. अंगावर काढली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

मंडळाच्या पोरांनी तिठ्यावर त्याचा फ्लेक्स लावला. एवढा मोठा फ्लेक्स आमच्याकडे आमदारकीच्या निवडणुकीलाही लागला नव्हता. बांबूची भक्कम चौकट, दोरी माझ्याच दुकानातली. हृतिक गॉगल घालून हसतोय, फोटो कुणाच्या तरी लग्नातला. बाजूचं माणूस कापून टाकलं होतं, पण कापणाऱ्यानं घाई केली असावी, कारण पोराच्या खांद्यावर पितळी बांगडीचा एक हात तसाच राहिला होता. खाली समस्त शोकाकुल मंडळींचे गोल गोल फोटो. त्यातले दोघे श्रद्धांजलीतसुद्धा दात दाखवत होते. मला तेव्हाच संताप आला होता, पण ती वेळ बोलायची नव्हती.

फ्लेक्स लागला तो नेमका कोपऱ्यावर. वाडीच्या रस्त्यानं उतरणाऱ्यानं घाटाच्या बाजूला मान वळवली, की त्याला हृतिक दिसायचा आणि हृतिकशिवाय काही दिसायचं नाही. घाट उतरून आलेल्या गाड्या मोकळा रस्ता मिळाला म्हणून सुसाट सुटलेल्या असतात. त्या एकदम अंगावर यायच्या. वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालं, दिवाळी झाली, तरी फ्लेक्स तिथंच. अडचण सगळ्यांना कळत होती. बोलत कुणीच नव्हतं.

त्याला कारण ठकूबाईच होती. रोज सकाळी ती उतरून यायची आणि फ्लेक्ससमोर थांबायची. हातातली किटली खाली ठेवायची आणि मान जरा तिरकी करून गप्प उभी राहायची. सदू तेवढा वेळ टीव्हीचा आवाज बंद करायचा. सलूनवाला कात्री थांबवायचा. आई लेकाला भेटतेय, असं आम्ही एकमेकांना डोळ्यांनीच सांगायचो. आता असल्या बाईला जाऊन कोण सांगणार, की तुझ्या पोराचं तोंड काढायचंय?

ग्रामसभेत तिठ्याचा विषय दोनदा निघाला. सरपंच राजश्रीताई शहाणी बाई, पण ठकूबाई पुढेच बायकांत बसलेली. मग काय, सगळ्यांनी फ्लेक्स सोडून बाकी सगळ्याला नावं ठेवली. कुणी म्हणालं गतिरोधक टाका, तर रस्ता आपला नाही. कुणी म्हणालं गोल आरसा लावा. लावला, आणि आठवड्यात त्याच्यापुढे कुणाच्या तरी अभिनंदनाचा बॅनर लटकला. शेवटी एसटीच्या शेडजवळचं करंजाचं झाड आड येतं असं ठरलं. ते झाड रस्त्याच्या पलीकडे, कुणाच्याच आड येत नव्हतं. तरी एका सकाळी त्याच्या फांद्या छाटल्या. शेडमधली सावली गेली, बायाबापड्या उन्हात बसू लागल्या आणि घाटाकडचा रस्ता होता तेवढाच दिसत राहिला. इतकी मूर्ख माणसं मी एका जागी क्वचितच पाहिली असतील, आणि त्यांच्यात मीही हात वर करून बसलो होतो.

वैशाखात व्हायचं ते झालं. वाडीतली सेजल पोलादपूरला मेडिकलमध्ये कामाला आहे. सकाळी स्कूटीवरून उतरली, कोपऱ्यावर थोडी पुढे आली आणि घाटाकडून आलेल्या गाडीनं तिला मागून उडवली. गाडीवाल्यानं ब्रेक मारला होता म्हणून पोरगी वाचली. गटारात पडली, मनगट मोडलं, कपाळातून रक्त. ठकूबाई चार पावलं मागेच होती. तिनं डोक्यावरची आणि हातातली, दोन्ही किटल्या सरळ सोडून दिल्या. मी पोचलो तेव्हा ती गटारात बसलेली, सेजलचं डोकं मांडीवर, पदर कपाळावर दाबलेला, आणि रस्त्यावरून दूध वाहत होतं.

गाडीवाला पुण्याकडचा. आधी तो आमच्यावरच ओरडला, "बघून येता येत नाही का?" मग त्यानं मान वर करून फ्लेक्स पाहिला, खालची तारीख वाचली आणि स्वतःच गाडीचं मागचं दार उघडलं. सेजलला त्याच्याच गाडीतून दवाखान्यात पाठवलं.

गर्दी पांगायच्या आत ठकूबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर आली. साडीला चिखल आणि रक्त.

"भाऊ, कोयती दे."

"कशाला गो?"

"पोराला उतरवते."

मी कोयती दिली. तेवढ्यात भरत धावत आला. भरत म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, हृतिकच्या बरोबरीचा, फ्लेक्स त्यानंच लावलेला. "काकी, ऱ्हाऊदे ना गो. आमी मागं सरकवतो त्याला. तुला रोज दिसला पायजे."

"मला कशाला दिसला पायजे?"

"तू रोज उभी ऱ्हातेस त्याच्यासमोर. आमी काय बघत नाय काय?"

ठकूबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की सदूला दिलेलं उत्तर मला आठवलं. पण आवाज चढला नाही.

"अरे बाबा, मी उभी ऱ्हाते ती गाडी दिसत नाय म्हनून. कान देऊन ऐकते. आवाज नाय आला की जाते. डोक्यावर किटली असताना मला पळता येतं काय?"

सदू हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. एवढे महिने आम्ही टीव्ही बंद करत होतो.

"मग बोललीस का नाय गो?" भरतचा आवाज फुटला होता.

"काय बोलू? तुमी पोरांनी मायेनं लावलात. मी काढा बोलली असती तर तुमाला काय वाटलं असतं? आयशीलाच पोरगा नको झाला?" तिनं फ्लेक्सकडे हात केला. "आनि बघ त्याच्याकडं. लावलात तवा कसा व्हता. उन्हानं तोंड पांढरं पडत चाललंय. एकदा गेला तो गेला रे. ह्यो रोज थोडा थोडा जातो, माझ्या देखत. आता त्या खांद्यावरचा माझा हात तेवढा नीट दिसतो."

तेव्हा मला कळलं, की कापून टाकलेलं माणूस ती होती.

दोऱ्या भरतनंच कापल्या. चौकटीवर चढून कापत होता आणि रडत होता, आणि खालून ठकूबाई त्याला सांगत होती, "सांबाळून, पडशील." फ्लेक्स खाली आला. तिनं तो जमिनीवर पसरून दूध-चिखल पुसला, गुंडाळी केली, डोक्यावर घेतली आणि रिकाम्या किटल्या हातात धरून वाडीच्या रस्त्याला लागली. आम्ही घाटाकडे बघितलं. पार वळणापर्यंत रस्ता दिसत होता.

पुढे आगोट आली. एका दुपारी मी माळ्यावरची निळी ताडपत्री काढली, चांगली जाड, आणि वाडीत चढून गेलो. का गेलो ते बायकोनंही विचारलं, मी तिच्यावरच डाफरलो. मनात एवढंच होतं, की ह्या बाईनं पोराचा फ्लेक्स लाकडांवर टाकला तर ते मला बघवणार नाही. ताडपत्री द्यायची आणि तो फ्लेक्स घरात जपून ठेव म्हणायचं.

ठकूबाईनं अंगणात लाकडं रचून ठेवली होती आणि फ्लेक्स त्यांच्यावर घातलेलाच होता. वरून नुसता पांढरा. चेहऱ्याची बाजू तिनं आत केली होती. मी काही बोलायच्या आधी तिनंच एक कड उचलून दाखवली. आत अंधारात लाकडांवर तो हात दिसला, पितळी बांगडीचा, आणि त्याच्या बाजूला हृतिकचा गाल.

"हितं ऊन लागत नाय," ती म्हणाली. "चुलीला लाकडं काढताना रोज दिसतो. तितं सगळं गाव बघत व्हतं, आता मी एकटीच बघते."

माझ्या काखेतली ताडपत्री तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आली. पाठ करून आणलेलं तसंच ठेवून मी ती नुसती पुढे केली.

"बरी आनलीस," ती म्हणाली. "वरनं घाल, भाऊ. त्याला पानी नको लागाया."

एक बाजू तिनं धरली, एक मी धरली, आणि चारी कोपरे आम्ही दगड ठेवून घट्ट दाबले.