दारात आधी कोण

सर सायकलवरून घरी यायचे ते गल्लीच्या तोंडालाच उतरायचे आणि घंटी वाजवत उभे राहायचे. मामी, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या की मगच पुढं सरकायचे. मामी भाजीला गेलेल्या असल्या तर सर तसेच उन्हात थांबायचे. घरात मुलगी, सुवार्ता, असायची. पण तिनं त्या वेळी दारात यायचं नाही अशी लहानपणापासून ताकीद होती. "मामीनं ओवाळल्याबिगर सर घरात शिरत न्हाईत," म्हणून गल्ली हसायची. समोरच्या घरातून मीही हसायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हॉस्पिटलात नर्स, सर शाळेतून निवृत्त झालेले. दर गुरुवारी दुपारी चर्चशेजारच्या खोलीत ते आम्हा बायकांना पवित्र शास्त्र शिकवायचे. बायबलच्या जुन्या करारातले यज्ञ हा त्यांचा खास विषय. कोकरू परवडत नसेल तर कबुतर का चालतं, रक्त वेदीवर का शिंपडायचं, सगळं नीट उलगडून सांगायचे. एखादीनं पदरचं काही जोडलं की ओळीवर बोट ठेवायचे. "लिहिलंय तेवढंच वाचा."

देवानं मागितलं म्हणून अब्राहामानं पोराला बांधून सुरी उचलली, ती गोष्ट होती त्या दिवशी वर्गातल्या कागलच्या आक्कांनी विचारलं, पोराच्या आईला कुणी विचारलं होतं का. तसं लिहिलेलं नाही, असं सर म्हणाले. "मग न्हाईच विचारलं," आक्का म्हणाल्या, आणि सरही हसले.

पण इफ्ताहाच्या गोष्टीला हसले नाहीत. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. हा इफ्ताह लढाईला निघताना देवाला नवस बोलतो, की जिंकून परतल्यावर माझ्या दारातून जे आधी बाहेर येईल त्याचा होम करीन. तो जिंकतो, घरी येतो, आणि डफ वाजवत नाचत बाहेर येते ती त्याची एकुलती एक मुलगी. शेवटी एवढंच लिहिलंय, की त्यानं नवसाप्रमाणे केलं आणि ती कुमारी राहिली.

सरांचा अर्थ असा, की तिला जाळलं नाही. देवाच्या सेवेला दिली आणि बिनलग्नाची ठेवली. हे ते घाईघाईनं सांगत होते. पानावर ठेवलेल्या बोटाचा घाम कागदावर उमटला होता.

"जाळली न्हाय ते झ्याक," आक्का म्हणाल्या, "पर जल्मभर बसवून ठिवली, ते काय कमी हाय व्हय, सर?"

सरांनी पुस्तक मिटलं. वर्ग अर्ध्यावर सुटला.

मी चटया गुंडाळायला मागं राहिले, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. सुवार्ता दोन वर्षांची असताना तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा सर देवाला म्हणाले होते, ही वाचली तर ही तुझी. ती वाचली. तेव्हापासून घरी परतताना ती दारात आधी दिसू नये म्हणून ते घंटी वाजवून मामींची वाट बघायचे. चालून आलेली तीन स्थळं त्यांनी मामींना न विचारता परत पाठवली होती.

"लग्न लावलं तर देव घेऊन जाईल तिला, सिस्टरबाई."

मी चटया उचलल्या.

दोन वर्षांनी मामींनीच हट्टानं वारणानगरच्या मुलाशी लग्न ठरवलं. या वेळी सरांनी स्थळ परत पाठवलं नाही. लग्न आठवड्यावर आलं आणि सुवार्ताचे डोळे पिवळे झाले. ती माझ्याच वॉर्डात आली. सर खाटेपाशी उभे, काखेत पुस्तक. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. मी आत्ताच मुलाकडं निरोप पाठवतो, म्हणाले, लग्न मोडलं म्हणून.

खोटं कशाला सांगू, भीती मलाही वाटत होती. कावीळ फिरली तर माणूस हाताला लागत नाही, हे मी पाहिलेलं होतं. पण मी त्यांना हाताला धरून वॉर्डात नेलं आणि खाटा दाखवल्या. आमच्या गल्लीतल्याच आणखी चार घरांतली चार माणसं तिथं पडलेली होती. गटाराचं पाणी नळात शिरलं होतं.

"या चौघांच्या बापांनी काय नवस बोलला होता, सर?"

मग मी सुवार्ताचा काविळीचा रिपोर्ट त्यांच्या हातात दिला.

"लिहिलंय तेवढंच वाचा. आणि त्या इफ्ताहाकडं देवानं पोरगी मागितली, असं कुठं लिहिलंय तेही मला दाखवा."

त्यांनी पुस्तक उघडलं. जिन्यात बसून तो अध्याय दोनदा वाचला. निरोप पाठवला नाही. सुवार्ता बरी झाली आणि लग्न दोन महिन्यांनी लागलं. सर पहिल्या बाकावर, दोन्ही हातांनी बाक धरून बसले होते.

आता सर नाहीत, मामी तर त्यांच्याही आधी गेल्या. मामी गेल्या त्या वर्षीची एक दुपार मात्र मला दिसते. सुवार्ता माहेरी आली होती. सर गल्लीच्या तोंडाला उतरले आणि सवयीनं घंटी वाजवली. बाहेर यायला आता मामी नव्हत्या. त्यांनी पुन्हा वाजवली. मी माझ्या दारातून पाहत होते.

दार उघडून सुवार्ता बाहेर आली. "अण्णा, उन्हात का उभारलाय? आत या की."

सरांनी घंटीवरचा हात काढला. मग सायकल ढकलत, एकेक पाऊल टाकत आले. उंबऱ्याशी पोचल्यावर त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का.