चोर बाटली

आमची ताई कुलगुरू झाली तेव्हा पेपरात तिचा मोठा फोटो आला. मला त्यात सगळ्यात आधी दिसली ती तिच्या जॅकेटची उसवलेली खांद्याची शिवण. मी शिवणकाम करते, त्यामुळे माणूस पुढे आला की आधी त्याची शिवण दिसते आणि मग माणूस. आमचे हे म्हणाले, "अगं, एवढी मोठी बातमी आणि तू खांदा काय बघतेस?" बघते. नसतं बघत बसणं हा आमच्या माहेरचा आजारच आहे.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि जेवताना ते काढायला विसरायचे. ताईने आजार त्यांच्याकडूनच उचलला, पण बाबांसारखा स्वतःपुरता ठेवला नाही. आई मला तांदूळ निवडायला बसवायची, तेव्हा ही बया गुपचूप ताटात शर्टाचं एक पांढरं बटण टाकून ठेवायची. मी निवडून ताट पुढे सरकवलं की विचारायची, "बटण कुठंय?" सापडलेलं नसलं की सगळे तांदूळ पुन्हा पहिल्यापासून. मी रडत आईकडे जायची.

"अगं, का छळतेस लहान बहिणीला?" आई तिला म्हणायची.

"छळत नाही. हिला खडे सापडले नाहीत. आता खडे नव्हतेच, की हिचं लक्ष नव्हतं, हे कळायचं कसं?"

आई ताट पुन्हा माझ्याच पुढे सरकवायची. मला याचं उत्तर आजही सुचत नाही, म्हणून जास्त राग येतो.

पुढे ताई पाण्यातल्या जंतूंचा अभ्यास करायला लागली. विद्यापीठाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारच्या खोलीत तिची प्रयोगशाळा होती. तिथे उन्हाळ्यात घामाने जीव जायचा, आणि थंडीत सगळं विद्यापीठ काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे ऊब घ्यायला यायचं. गावोगावचं पाणी बाटल्यांतून यायचं, उबवणीच्या कपाटात एक दिवस राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी ज्या बाटलीत घाण असेल ती पिवळी व्हायची. तिथेही हिने बटण टाकलंच. चांगल्या बाटल्यांच्या खोक्यात ती गुपचूप एक बाटली सरकवायची, त्यात मुद्दाम गटाराच्या पाण्याचे थेंब घातलेले, आणि वर चिठ्ठी कुठे नसलेल्याच गावाची. तपासणाऱ्याने ती पकडलीच पाहिजे. पकडली नाही तर त्या खोक्याचे सगळे निकाल रद्द. त्या बाटलीला तिथे सगळे 'चोर' म्हणायचे.

हा चोर कधीही न सोडणारी एक मुलगी होती, ताईची पहिली विद्यार्थिनी. मी तिला पट्टशिष्या म्हणायची. कमी बोलणारी, केस घट्ट बांधलेले, हात एकदम स्वच्छ. ती ताईला 'बाई' म्हणायची, आणि ते असं, की जणू जगात दुसरी बाईच नाही. पुढे ताई विभागप्रमुख झाली, मग आणखी वर सरकली, मग कुलगुरू. मग सरकारनेही पाण्याच्या बाबतीत तिला सल्लागार नेमलं. तळघर पट्टशिष्येकडे गेलं. ताईच्या नव्या खोलीत गालिचा होता, खाली बघितलं की आपला चेहरा दिसेल असं चकचकीत टेबल होतं, आणि दिवसभर बैठका होत्या. ती माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. संध्याकाळी खाली यायची आणि म्हणायची, "आज पण मी हाताने काहीच केलं नाही गं." मी तिला बटणं लावायला द्यायची. वाकडी लावायची.

आणि मग रस्ता खोदताना कुणीतरी पाण्याची मोठी वाहिनी फोडली, शेजारची गटाराचीही फोडली, आणि शहरभर लोकांची पोटं बिघडली. ताईने सरकारला सांगितलं, नळ बंद करा. सरकारने केले.

आता नळ बंद करायचा सल्ला देणारी बाई वरच्या मजल्यावर राहते आणि तिची बहीण खाली, म्हटल्यावर पुढचं काय सांगू? टँकरच्या रांगेत सगळे मलाच बोलायचे. समोरचे निवृत्त हेडमास्तर दोन्ही हातांत कॅन घेऊन जिन्यात थांबायचे. "विचारा तुमच्या ताईंना, आमची आंघोळ कोणत्या खात्यात बसते?" मी ऐकून घ्यायची आणि घरात येऊन ह्यांच्यावर काढायची. टँकरच्या पाण्यात खबरदारी म्हणून औषध इतकं ओतलेलं असायचं, की चहालाही दवाखान्याचा वास यायचा.

वाहिनी जोडली, धुतली. मग शहरभरच्या नळांचे नमुने घेऊन तळघरात तपासायचं ठरलं. नमुन्यांच्या पेट्या ताईच्या समोर सीलबंद व्हायच्या होत्या. त्या सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, एक रिकामी बाटली आणि एक घट्ट झाकणाची डबी घेऊन.

"काय आहे त्या डबीत?"

"गटाराचं पाणी."

"माझ्या ओट्यावर? अगं, वर तुझा ओटा नाही का?"

"वर पाणी संपलंय. मला उशीर होतोय, मंत्र्यांची बैठक आहे. पुसून देते ना."

तिने माझ्या पिंपातलं पाणी बाटलीत भरलं, डबीतले थेंब टाकले, झाकण लावलं, आणि पुसलं काहीच नाही. कितीतरी दिवसांनी तिला हाताने काही करायला मिळालं होतं. चेहरा असा खुलला होता, की मी भांडण पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. सगळ्या बाटल्या स्वच्छ. मंत्रीसाहेबांनी लगेच जाहीर करून टाकलं, उद्या सकाळी नळ सुटणार. आमच्या जिन्यात टाळ्या पडल्या, हेडमास्तरांनी मला चक्क हसून नमस्कार केला. मी ताईला फोन लावला.

"सगळ्या स्वच्छ," ती म्हणाली. "सगळ्या, कळलं का? चोर पण."

मला कळलं. मी बटणांत वाढलेली आहे. चोर सुटला, म्हणजे तपासणी आंधळी झाली. म्हणजे बाकीच्या स्वच्छ बाटल्यांवरही विश्वास नाही. उद्या नळ सुटले आणि पाण्यात घाण असली, तर घराघरातली पोरं पुन्हा आजारी पडणार, आणि यावेळी ताईच्या शब्दावर. नळ सोडू नका म्हणायचं, तर मंत्री तोंडघशी पडणार आणि लोक हिला फाडून खाणार. या चोराबद्दल आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसली असती तर कुणी विचारलंही नसतं.

ती गप्प बसली नाही. मंत्र्यांकडे जाऊन तिने सांगितलं, माझा सल्ला मी मागे घेते. मंत्रीसाहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला चव्हाट्यावर आणलंत." ती म्हणाली, "हो." तिथेच सचिवांसमोर तिने पट्टशिष्येला बोलावून घेतलं आणि विचारलं, "माझा चोर तुझ्या हातून सुटला कसा?"

पट्टशिष्या म्हणाली, "आमच्या हातून सुटणार नाही, बाई. बाटल्या मी स्वतः बघितल्यात."

"मग तुझंही लक्ष नव्हतं."

हे मला ताईनेच नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. पट्टशिष्या म्हणे नुसतं "ठीक आहे, मॅडम," म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत आमच्या जिन्याचं हसू मावळलं. नळ सुटणार नाहीत हे टीव्हीवर आलं होतं. हेडमास्तरांनी कॅन माझ्या दारासमोर मुद्दाम आपटला. मी शिलाई मशीनवर बसून नुसतंच चाक फिरवत होते. ताई आली, चप्पल न काढता तशीच मोरीपाशी गेली. मी पिंपातून तांब्या भरून तिच्या हातावर पाणी घातलं. तिने हाताला साबण लावला आणि एकदम थांबली. फेसाचे हात नाकाशी नेले.

"हे पाणी कुठलं?"

"टँकरचं. दुसरं कुठलं असणार?"

"आणि कालचं? मी बाटलीत भरलं ते?"

"तेही त्याच पिंपातलं. का गं?"

ताईने फेसाचा हात कपाळावर मारून घेतला. "औषध! अगं, त्यात औषध आहे! माझे जंतू बाटलीतच मेले असणार. तळघरात पोहोचायच्या आधीच. चोर सुटला नाही, मीच त्याला मारला!"

कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरानेही केली नसती अशी चूक. चोरासाठी पाणी उकळून, गार करून, औषधाशिवायचं घ्यायचं, हे तिनेच आयुष्यभर लोकांना घोकायला लावलं होतं. मला वाटलं, आता ही रडेल. ती हसायला लागली. कपाळावर फेस, डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. "मी चुकले असेन तर त्यांचं बरोबर असेल! पाणी स्वच्छ असेल! अगं, देवा, मीच चुकलेली असू दे!" स्वतःच चुकलेलं असावं म्हणून कुणी देवाला असं विनवताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पण ताई ती ताईच. 'असेल' वर ती नळ सोडणार नव्हती. दुसऱ्या दिवशी शहरभरचे नमुने पुन्हा घेतले. चोरही पुन्हा केला, यावेळी उकळलेल्या पाण्याचा, आणि माझ्या ओट्यावर नाही. नंतरचा पूर्ण दिवस ती माझ्याकडे फोन मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला एका शर्टाची बटणं लावायला दिली. तिने सगळी काजांच्याच पट्टीवर लावून ठेवली.

फोन आला. पट्टशिष्येचा आवाज मलाही ऐकू आला, एवढी घरात शांतता होती. "एक बाटली पिवळी आहे, मॅडम. बाकी सगळ्या स्वच्छ."

"कुठली पिवळी?"

"बाजाराच्या मागच्या चौकातली. असा चौक शहरात नाही."

माझा जीव भांड्यात पडला. शहराच्या पाण्यात घाण सापडली म्हणून दोन बहिणी गळ्यात पडून नाचताना पाहून आमचे हे जागच्या जागी उभे राहिले. त्यांना समजावून सांगायला मला वेळ नव्हता.

मंत्रीसाहेबांनी निवेदन तयार ठेवलं होतं, सरकारने जास्तीची काळजी घेतली वगैरे. ताई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उशीर माझ्या चुकीमुळे झाला. तपासणी पहिल्याच दिवशी बरोबर होती. मी प्रयोगशाळेवर खोटा ठपका ठेवला, मी त्यांची माफी मागते." मंत्र्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नळ सुटले. घराघरांतून खोकल्यासारखा आवाज करत पाणी आलं. ताईने माझ्या नळाखाली पेला धरला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः प्यायली. समोरून हेडमास्तरांच्या न्हाणीघरातून गाणं ऐकू येत होतं, भयंकर बेसूर, आणि मला ते फार आवडलं.

सल्लागारपद सरकारने हळूच काढून घेतलं. कुलगुरूपदाची मुदत संपत आली होती, ती वाढवून मागायला ताई कुणाच्या दारात गेली नाही. मला वाटलं होतं, झुरेल. उलट खुर्ची सुटली त्या दिवशी वरून खाली येऊन पलंगावर आडवी झाली आणि बूट घालूनच घोरायला लागली. तिला एकच टोचत होतं. पट्टशिष्या तिच्याशी नीट वागायची, विचारलं की उत्तर द्यायची, पण 'बाई' नाही, 'मॅडम'च म्हणायची. ताईने तिच्या खोलीत जाऊन पुन्हा माफी मागितली होती. "ठीक आहे, मॅडम." ते 'ठीक आहे' ताईला बंद दारासारखं लागायचं.

शेवटी ताईने तळघरात एक स्टूल मागितलं. पगार नको, पद नको, बाटल्या तपासायला द्या. पट्टशिष्येने नाही म्हटलं नाही. बॉयलरच्या बाजूचं स्टूल दिलं, सगळ्यात गरम जागा, आणि एक पेटी तिच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी ताई जिना धावत चढून आली. या वयात! मी घाबरून मशीन थांबवलं.

"माझ्या पेटीत एक पिवळी निघाली!" ती धापा टाकत म्हणाली. "मी नोंद घेऊन तिच्याकडे गेले, म्हटलं, या गावाचं पाणी लगेच बंद करा. तर ती म्हणाली, असं गावच नाही."

"म्हणजे?"

"चोर होता! तिने घातला होता, मला न सांगता. मला!" ताई माझ्या कापडाच्या ढिगाऱ्यावरच बसली आणि डोळे पुसायला माझंच नवं कापड घेतलं. "आणि म्हणाली, पकडलात, बाई."