रुखवतातली कोरफड

माझी आई अंबूबाई. औंधजवळच्या आमच्या कोरडवाहू रानात बांधावर तिची कोरफड होती, तिच्या आईनं लग्नात रुखवताबरोबर दिलेली. थंडीत दांडे आले की आई कळ्या खुडायची, मिठाच्या पाण्यात उकडून पिळायची आणि लसूण, दाण्याचं कूट घालून परतायची. तीन दांड्यांतला एक मात्र ठेवायचा, तो पाखरांचा. मी खुडला तर धपाटा ठरलेला.

तीन वर्षांमागं वैशाखात धाकट्या बहिणीचं, शिवांजलीचं लग्न झालं. सासर कराडचं. लेकीला कोरफडीचं पिलू द्यायची आईकडची रीत, म्हणून तिनं ओल्या बारदानात एक गुंडाळून माझ्या हाती दिलं. मी फौजेतून नुकताच आलेला, डोक्यात ताठा. फ्रिज-कपाटाच्या टेम्पोत हा पाला नेऊन व्याह्यांत हसं कशाला करून घ्यायचं? शामगाव घाटात टेम्पो थांबवला आणि दिलं फेकून. मागनं शिवाला बजावलं, "आईनं विचारलं तर लावलीया म्हण." ती बिचारी तसं सांगत राहिली.

दिवाळीनंतर रानात पाणी आलं. उसाच्या घाईत मी जेसीबीनं बांध सपाट केला, कोरफडीसकट. एवढी अक्कल पाजळली, तरी आई रागावली नाही. म्हणाली, "जाऊ दे. शिवाच्या दारात हाय की. एक पिलू घिऊन ये."

आता काय सांगणार? कराडच्या नर्सरीतनं एक कुंडी विकत आणली आणि शिवानं दिली म्हणून पुढं ठेवली. आईनं पान मोडून जिभेला लावलं, थुंकली.

"ही आपली न्हवं. आपली एवढी कडू न्हवती."

तिनं लगेच मला शिवाला फोन लावायला लावला. "माझी कोरफड टाकलीस व्हय गं?"

फोन स्पीकरवर होता, मी शेजारी उभा. शिवा म्हणाली, "वाळली गं आई माझ्या हातनं."

"पोटच्या पोरीला एक रोप जगवता आलं न्हाई, आन् वर खोटं बोलती," आई म्हणाली. मी फोन बंद करून खिशात घातला.

पाडव्याला शिवा आली, तर आईनं तिला जेवू घातलं, पण धड बोलली नाही. आषाढात आई गेली. तिची अढी शेवटपर्यंत सुटली नाही.

दहाव्याला मी शिवाला बाजूला घेतलं. "चुकलो गं."

तिनं डोळे पुसले. "मला काय सांगतुयास दादा? तिला सांगायचंस."